फोनला दिसतं, मला दिसत नाही

घरातले फोटो पाच ठिकाणी विखुरलेले होते. दोन फोन, एक लॅपटॉप, एक जुनी हार्ड डिस्क आणि एक पेनड्राइव्ह, जो शोधायला गेलं की कधीच सापडत नाही. हे सगळं एका जागी आणायचं आणि टीव्हीसकट घरातल्या कुठल्याही पडद्यावर दिसलं पाहिजे, एवढंच काम. जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स होतंच. त्यावर केव्हीएम, म्हणजे एका यंत्राच्या आत दुसरं आभासी यंत्र चालवायची सोय, आत एक छोटं व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), त्यात फोल्डर नेटवर्कवर वाटणारं सांबा, की झालं. सांबा थेट डेस्कटॉपवरच का नाही टाकला, असं कोणी विचारेल. उद्या डेस्कटॉप बदलला तर डिस्कची एक फाईल उचलून अख्खा सर्व्हर दुसरीकडे नेता यावा, हा विचार होता. अर्ध्या दिवसाचं काम धरलं होतं. हे लिहितोय तेव्हा चौथा आठवडा चालू आहे.

व्हीएम वीस मिनिटांत उभं राहिलं. आतून इंटरनेट चालत होतं, अपडेट उतरत होते. सांबा बसवलं, फोल्डर शेअर केला, फोन हातात घेतला. फोनवर काहीच नाही.

हा पहिला घोळ दोन मिनिटांत कळायला हवा होता, मला अर्धा तास लागला. व्हीएमचा पत्ता होता १९२.१६८.१२२.४७. घरातलं बाकी सगळं १९२.१६८.१ मध्ये. दोन्ही पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात, म्हणून नजर पुढच्या आकड्यावर गेलीच नाही. लिबव्हर्ट, म्हणजे ही व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर, स्वतःचं एक ‘डिफॉल्ट’ नेटवर्क आधीच मांडून ठेवतं, ते १९२.१६८.१२२ चं, आणि त्यातलं मशीन बाहेर जातं ते नॅटमधून, म्हणजे डेस्कटॉपचाच पत्ता लावून. दार आतून उघडतं, बाहेरून नाही. आतलं मशीन कुठेही जाऊन येऊ शकतं, पण बाहेरच्याला ते तिथे आहे हेच माहीत नसतं. व्हर्च्युअलबॉक्स हे असंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हाच प्रकार १०.०.२.१५ या पत्त्याने ओळखता येईल. तो आकडा दिसला की फोनवर शोधत बसू नये.

मग व्हीएमला घरच्याच नेटवर्कवर आणायचं, म्हणजे ब्रिज करायचा: डेस्कटॉपच्या आत एक आभासी स्विच, ज्यात घरचं नेटवर्क आणि व्हीएम दोन्ही जोडायचे. डेस्कटॉप वाय-फायवर होता. मी ब्रिज तयार केला, त्यात वाय-फायचा इंटरफेस घालायला गेलो, तर सरळ नकार: ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’. ड्रायव्हर बदलून पाहिला, तेच. शेवटी कारण वाचलं आणि चीड गेली. साध्या वाय-फाय जोडणीत फ्रेमवर, म्हणजे पाठवलेल्या प्रत्येक पुडक्यावर, तीन पत्ते असतात, आणि राउटर फक्त त्याच मॅक पत्त्याचं (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या पत्त्याचं) ऐकतो ज्याने त्याच्याकडे रीतसर नोंद केली आहे. माझ्या व्हीएमचा मॅक पत्ता वेगळा. त्याच्या नावाने काही पाठवलं तर राउटर म्हणणार, हा कोण? त्यासाठी चौथा पत्ता लागतो आणि तो चालायला दोन्ही टोकांची तयारी लागते. व्हर्च्युअलबॉक्स वाय-फायवर ब्रिज करून दाखवतं खरं, पण ते आतल्या आत मॅक पत्ते बदलून. तो मार्ग सोडला आणि राउटरपासून डेस्कटॉपपर्यंत भिंतीच्या कडेने केबल ओढली. या सगळ्या प्रकरणातला हा एकमेव उपाय, ज्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

केबल लागली, आता ब्रिज. पण व्हीएमच्या सेटिंगमध्ये त्याहून सोपं काही दिसलं: मॅकव्हीटॅप. नवा ब्रिज बनवायला नको, डेस्कटॉपच्या नेटवर्क सेटिंगला हात लावायला नको, यादीतून केबलचा इंटरफेस निवडायचा आणि व्हीएम सुरू करायचं. केलं. व्हीएमच्या आतच १९२.१६८.१.५० हा कायमचा पत्ता लिहून टाकला, राउटर ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा. फोनवर फोल्डर उघडला. टीव्हीवर उघडला. मी खूश.

मग डेस्कटॉपवरून फोटो चढवायला बसलो, तर डेस्कटॉपलाच ते मशीन दिसेना.

माझं डोकं इथे खरं फिरलं. व्हीएम याच पेटीत आहे, याच प्रोसेसरवर चालतंय, याचीच मेमरी खातंय. पलीकडच्या खोलीतल्या फोनला ते दिसतं आणि ज्याच्या पोटात आहे त्याला दिसत नाही! मी व्हीएममधली फायरवॉल बंद केली, डेस्कटॉपची केली, केबल बदलली. केबलचा काय दोष असणार होता, ती तर या वाटेत येतच नाही. पण माणूस हातात येईल ते बदलतो. नेटवर्कचं काम करणाऱ्या एका मित्राला फोन लावला. मी सगळी कथा पहिल्यापासून सांगायला लागलो, त्याने मध्येच तोडलं.

“अरे थांब. दिसत नाही म्हणजे कोणाला कोण दिसत नाही?”

“म्हणजे व्हीएम दिसत नाही.”

“तसं नाही. कागद घे. कोणाकडून कोणाकडे, सगळ्या जोड्या लिही, प्रत्येक पिंग करून बघ. मग मला फोन कर.”

एका बाजूला डेस्कटॉप, व्हीएम, फोन, राउटर, टीव्ही, वरच्या बाजूलाही तेच. एकेक पिंग करून, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारून, बरोबर किंवा फुली मारत गेलो. कागदावर फुल्या फक्त दोनच चौकटींत पडल्या: डेस्कटॉपकडून व्हीएमकडे आणि व्हीएमकडून डेस्कटॉपकडे. (टीव्हीची ओळ आणि रकाना मी कंटाळून रिकामाच सोडला होता.) तो कागद बघितल्यावर मित्राला पुन्हा फोन करायची गरज राहिली नाही. मॅकव्हीटॅप हे नाव शोधलं की पहिल्या पानावर हेच येतं. मॅकव्हीटॅप व्हीएमचं पॅकेट थेट कार्डाच्या खालच्या अंगाने केबलवर ढकलतं. डेस्कटॉप स्वतः बसलाय कार्डाच्या वरच्या अंगाला. पॅकेट राउटरच्या स्विचपर्यंत गेलं तरी साधा स्विच ज्या पोर्टवरून आलं त्याच पोर्टवर ते परत पाठवत नाही. म्हणजे बिघाड काहीच नव्हता. ती व्यवस्थाच तशी आहे आणि कागदपत्रांत तसं लिहिलेलं आहे. मी सोपं म्हणून निवडलं होतं.

तेव्हा खराखुरा ब्रिज बांधला. बीआर० नावाचा, नेटवर्कमॅनेजरमधून. यात एकदा डेस्कटॉपचं नेटवर्क पूर्ण गेलं, कारण पत्ता मी केबलच्या इंटरफेसवरही ठेवला आणि ब्रिजवरही. पत्ता ब्रिजकडे जातो, केबलच्या इंटरफेसने तेव्हापासून नुसतं पोर्ट म्हणून राहायचं. आणखी एक, सुरुवातीला दर वेळी जोडणी झाल्यावर साधारण अर्धा मिनिट सगळं मेल्यासारखं वाटायचं. नेटवर्कमॅनेजर ब्रिजवर स्पॅनिंग ट्री (पॅकेट गोल गोल फिरत राहू नयेत म्हणूनची सोय) चालू ठेवतो, आणि त्यात पोर्ट आधी १५ सेकंद नुसतं ऐकतं, मग १५ सेकंद शिकतं, मग कामाला लागतं. घरात एकच ब्रिज असताना फेरा होण्याची भीती नव्हती, म्हणून ते बंद केलं.

ब्रिजची यादी पाहताना एक गोष्ट खटकली होती, ती सांगून टाकतो. व्हीएमचा मॅक पत्ता ५२:५४:०० ने सुरू होतो, केव्हीएमच्या मशीनांचा होतोच. पण ब्रिजवर त्याचं जे टोक लागलेलं असतं, व्हीनेट०, त्याचा पत्ता एफई:५४:०० ने. मागचे आकडे तेच, फक्त पहिला वेगळा. मला वाटलं काहीतरी बिनसलं. तसं नाही. ब्रिजला स्वतःचा पत्ता दिला नसेल तर तो आपल्या पोर्टांपैकी सर्वांत लहान पत्ता घेतो. व्हीएमच्या टोकाचा पत्ता मुद्दाम मोठा ठेवतात, म्हणजे व्हीएम चालू-बंद झालं की ब्रिजचा पत्ता बदलत नाही आणि राउटर गोंधळत नाही. असं काही दिसलं की लिहिणाऱ्यांबद्दल आदर वाटतो.

पुन्हा कागद काढला. यावेळी सगळीकडे बरोबरची खूण. जुनं डिफॉल्ट नेटवर्क आता कशाला हवं, म्हणून ते थांबवलं आणि मशीन सुरू होताना आपोआप सुरू होणंही बंद केलं. ही ओळ लक्षात ठेवा, मी ठेवली नव्हती.

दोन आठवडे फोटो चढत राहिले. मधल्या एका बुधवारी मी त्याच डेस्कटॉपवर कंटेनर (वेगळ्या कप्प्यात बंद केलेले प्रोग्रॅम) चालवायचं एक इंजिन बसवलं, भलत्याच एका प्रयोगासाठी. कंटेनर चालला, फोटो दिसत होते, सगळं ठीक. शनिवारी कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, अपडेट आलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि दुसऱ्या कामाला लागलो. संध्याकाळी मुलीने हाक मारली.

“बाबा, फोटो परत गेले.”

मी डेस्कटॉपवर उघडून पाहिलं. फोटो होते. “आहेत की गं, नीट बघ.” तिने टॅबलेट माझ्यापुढे धरला. नव्हते.

आता मी शहाणा झालो होतो. सरळ कागद काढला. आणि कागदावर जे चित्र आलं ते गंमतीचं होतं: बरोबर उलटं. डेस्कटॉपकडून व्हीएमकडे बरोबर, व्हीएमकडून डेस्कटॉपकडे बरोबर, आणि व्हीएमची बाहेरच्या कुणाहीबरोबरची प्रत्येक जोडी फुली. राउटरसुद्धा फुली. आधी घरातल्यालाच दिसत नव्हतं, आता फक्त घरातल्यालाच दिसत होतं.

अपडेटचा संशय येणं साहजिक होतं. जुन्या कर्नलवर परत गेलो, फरक नाही. राउटरमध्ये जाऊन वाय-फायवरची यंत्रं एकमेकांपासून वेगळी ठेवणारा पर्याय चुकून चालू झालाय का पाहिलं, नव्हता. दुसऱ्या कुणी ५० नंबरचा पत्ता घेतलाय का, हे लॅपटॉपला केबल लावून आर्पिंगने तपासलं, म्हणजे ‘हा पत्ता कोणाचा?’ असं विचारणाऱ्या एआरपीने केलेल्या पिंगने. उत्तर एकाच मॅक पत्त्याकडून येत होतं, ५२:५४:०० वाल्याकडून. आणि इथेच मी थबकलो. पिंग जात नाही, पण आर्पिंगला उत्तर येतंय? म्हणजे व्हीएमपर्यंत काहीतरी पोहोचतंय आणि परतही येतंय.

मग दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडले. डावीकडे टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारं साधन) केबलच्या इंटरफेसवर, उजवीकडे टीसीपीडंप व्हीनेट० वर, म्हणजे ब्रिजच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा केल्यासारखं. लॅपटॉपवरून पिंग सुरू केलं. डावीकडे ओळ आली: ५० नंबर कोणाकडे आहे, २३ ला (म्हणजे लॅपटॉपला) सांगा. तीच ओळ उजवीकडेही आली. उजवीकडे व्हीएमचं उत्तर उमटलं, लगेच डावीकडेही. एआरपी दोन्ही दिशांनी स्वच्छ. त्यानंतर डावीकडे पिंगची पहिली विनंती आली. उजवीकडे काही नाही. डावीकडे दुसरी. उजवीकडे काही नाही. तिसरी, चौथी, पाचवी, सेकंदाला एक, डावी खिडकी वर सरकत होती आणि उजवी ढिम्म.

पॅकेट ब्रिजमध्ये शिरत होतं आणि बाहेर पडत नव्हतं. ब्रिज म्हणजे स्विच. स्विच मॅक पत्ता बघतो आणि फ्रेम पुढे ढकलतो. फ्रेममध्ये एआरपी आहे की आयपी, याच्याशी त्याला काय करायचंय? पण इथे एआरपी सुटत होतं आणि आयपी अडत होतं. म्हणजे स्विचच्या आत बसून कोणीतरी पाकीट फोडून वाचत होतं.

आयपी वाचणारं लिनक्समध्ये कोण, तर आयपीटेबल्स, पॅकेट्स चाळणारी फायरवॉल. तिची फॉरवर्ड चेन, म्हणजे यंत्रातून आरपार जाणाऱ्या पॅकेट्ससाठीच्या नियमांची यादी, आकड्यांसकट छापली. नियमांमध्ये बीआर० चं नावही नव्हतं, पण अगदी वर, चेनच्या शीर्षकात, लिहिलं होतं: पॉलिसी ड्रॉप (कुठलाच नियम लागला नाही तर टाकून दे), ३१८ पॅकेट. पुन्हा छापली, ३२२. पुन्हा, ३२५. पिंग थांबवलं. आकडा एक-दोनने वाढून मंदावला, टीव्ही मधूनमधून नेटवर्कवर हाका मारत असतो त्यातला असावा. पिंग पुन्हा सुरू केलं, आकडा पुन्हा पळायला लागला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी एका आकड्याकडे बघून हसत होतो.

बाकीचं पुढच्या तासाभरात जुळलं. लिनक्समध्ये बीआर-नेटफिल्टर नावाचं एक मॉड्यूल आहे. ते लोड झालेलं असलं की ब्रिजवरून जाणारी आयपी पॅकेट्सही आयपीटेबल्सच्या चाळणीतून जातात. एआरपी त्या चाळणीत येत नाही, म्हणून ते सुटत होतं. डेस्कटॉप आणि व्हीएम यांचं आपसातलं बोलणं फॉरवर्डमधून जातच नाही, ते इनपुट आणि आउटपुटमधून जातं, म्हणून तेही चालू होतं. माझ्या कंटेनर इंजिनाने हे मॉड्यूल लोड केलं होतं. आणि इंजिन सुरू होताना यंत्रावर आयपी फॉरवर्डिंग बंद असेल, तर ते चालू करतं आणि त्याबरोबर फॉरवर्ड चेनची पॉलिसी ड्रॉप करून टाकतं. हे सुरक्षेसाठीच आहे, आणि योग्यच आहे. एरवी फॉरवर्डिंग चालू केल्याबरोबर तुमचं यंत्र कोणाचीही पॅकेट्स इकडून तिकडे नेणारा राउटर बनेल.

पण मग बुधवारी का नाही बंद पडलं, शनिवारीच का? या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत झोप लागली नसती. बुधवारी फॉरवर्डिंग आधीच चालू होतं. लिबव्हर्टच्या डिफॉल्ट नेटवर्कने ते कधीकाळी चालू केलं होतं, आणि नेटवर्क थांबवलं तरी ते आपण होऊन बंद होत नाही. इंजिनाने पाहिलं, फॉरवर्डिंग चालू आहे, आपल्याला काही करायचं नाही. पॉलिसीला हात लावला नाही. शनिवारी रीस्टार्ट झालं. डिफॉल्ट नेटवर्क मीच कायमचं बंद करून ठेवलेलं, त्यामुळे फॉरवर्डिंग चालू करणारं कोणी उरलं नव्हतं. इंजिन आलं, त्याला ते बंद दिसलं, त्याने चालू केलं आणि दार लावून घेतलं. कर्नलचा काही संबंध नव्हता. कुठल्याही रीस्टार्टला हेच झालं असतं.

दुरुस्तीही एका फटक्यात झाली नाही. ब्रिजची पॅकेट्स आयपीटेबल्सकडे न्यायची की नाही यासाठी कर्नलमध्ये एक स्विच आहे, त्याची किंमत शून्य केली. त्या क्षणी उजवी खिडकी धावायला लागली. ते सेटिंग सिस्कंट्रोलच्या फाईलमध्ये लिहून ठेवलं, खात्रीसाठी रीस्टार्ट केलं, आणि पुन्हा फुली. कारण मशीन उठताना ती फाईल फार लवकर वाचली जाते. तेव्हा मॉड्यूलच लोड झालेलं नसतं, मग त्याचं सेटिंग कुठून असणार? मॉड्यूल नंतर येतं आणि आपली मूळ किंमत, एक, घेऊन येतं. गंमत म्हणजे त्या फाईलच्या मॅन पेजवर (माहितीच्या पानावर) उदाहरण म्हणून नेमकी हीच अडचण आणि तिचे दोन उपाय दिलेले आहेत. मी ते पान उघडलं होतं, उदाहरणांपर्यंत उतरलो नव्हतो.

तोवर माझं मत मात्र बदललं होतं. तो स्विच यंत्रावरच्या सगळ्या ब्रिजना लागू होतो, कंटेनरांच्या ब्रिजनाही, आणि त्यांच्यातली आडभिंत मला पाडायची नव्हती. मला हवं होतं ते एवढंच: जे बीआर० मधून शिरतं आणि बीआर० मधूनच बाहेर पडतं, ते जाऊ द्या. इंजिनाने वापरकर्त्याच्या नियमांसाठी एक चेन मोकळी ठेवलेली असते, तिच्यात हा एक नियम घातला. आयपीटेबल्सचे नियम रीस्टार्टनंतर टिकत नाहीत, म्हणून सिस्टमडीची (मशीन उठताना कामं सुरू करणाऱ्या व्यवस्थेची) चार ओळींची सर्व्हिस लिहिली, आणि तिला इंजिनाच्या नंतरच सुरू व्हायला सांगितलं, कारण त्याआधी ती चेन अस्तित्वातच नसते. व्हीएममधली फायरवॉलही परत चालू केली. ती पहिल्या आठवड्यातल्या त्या रागात बंद केली होती, तशीच राहिली होती.

तीनदा रीस्टार्ट केलं. तिन्ही वेळा फोन, टॅबलेट, लॅपटॉप, सगळं हिरवं. कागद आता घडीवर फाटायला आला होता. यावेळी टीव्हीची रिकामी ओळही भरून टाकू म्हटलं आणि व्हीएममधून टीव्हीला पिंग केलं. उत्तर नाही. पोटात गोळा आला. डेस्कटॉपवरून केलं, नाही. फोनवरून केलं, नाही. आर्पिंग केलं, लगेच उत्तर. समोर टीव्हीवर त्याच व्हीएममधले फोटो एकामागून एक सरकत होते. टीव्ही पिंगला उत्तरच देत नाही, कोणालाच. टीव्हीच्या रकान्यात मी पेन्सिलने ‘फक्त एआरपी’ असं लिहिलं आणि कागद डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला चिकटवून टाकला.